मिसळीवरून जुंपली तेव्हा...

रात्रीचे पावणेदोन वाजलेले. सकाळी नऊच्या आत एका संपादकांना लेख मेल करायचा होता आणि त्यातली एक ओळही झाली नव्हती. मी काय करत होते? तर मिसळीत पोहे असतात की नसतात, यावर एका अनोळखी माणसाशी कडाकडा भांडत होते!

हसू नका. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पार्किंगवरून तुम्हीही रात्र जागवली असेलच. माझं रणांगण फक्त वेगळं होतं, मराठी विकिपीडिया.

२०२१ मध्ये फ्रीलान्सिंगची कामं थंडावली होती, तेव्हा मी तिथे लिहायला लागले. पगार नाही, बायलाइन नाही, बॉस नाही. १ मे २००३ ला, म्हणजे महाराष्ट्र दिनी सुरू झालेला हा ज्ञानकोश असाच फुकट राबणाऱ्या मंडळींनी उभा केलाय. मला ते ज्याम आवडलं. पण बॉस नाही म्हटल्यावर भांडण झालं तर तोडायचं कुणी?

मी मूळची कोल्हापूरची, राहायला पुण्यात. मिसळ म्हणजे मटकीची उसळ, झणझणीत कट, फरसाण आणि पाव, संपला विषय. दुसऱ्या एका सदस्यानं मजकुरात पोहे आणि बटाट्याची भाजी घातली. मी काढली. त्यानं परत घातली. मी परत काढली आणि वर टोमणा मारला, ‘मिसळ खाल्लीय का कधी?’ तो मात्र शेवटपर्यंत मला ‘आपण’च म्हणत होता.

दह्यासाठी आठ वर्षं

असं भांडणारी मी एकटीच नव्हे, हे नंतर कळलं. इंग्रजी विकिपीडियावर दह्याच्या स्पेलिंगमध्ये ‘एच’ हवा की नको, हा वाद वर्षानुवर्षं रंगला आणि २०११ मध्ये ‘एच’ गळून मिटला. ‘स्टार ट्रेक इन्टू डार्कनेस’ या सिनेमाच्या नावात ‘इन्टू’चा ‘आय’ कॅपिटल की स्मॉल? त्यावरची चर्चा सुमारे ४० हजार शब्दांवर गेली. ती संपली २०१३ च्या जानेवारीअखेर, म्हणजे सिनेमा थेटरात यायच्याही आधी!

काही वाद मात्र जिव्हारी लागणारे असतात. पोलंडमधल्या एका बंदराला पोलिश लोक ग्दान्स्क म्हणतात आणि जर्मन लोक डान्झिग. नावाआड शतकांचा इतिहास आणि दोन देशांच्या जखमा. चर्चेनं सुटेना म्हणून २००५ मध्ये मतदान झालं. तोडगा असा निघाला की १३०८ ते १९४५ या काळाबद्दल लिहिताना डान्झिग आणि बाकीच्या काळासाठी ग्दान्स्क. कुणीच पूर्ण जिंकलं नाही, पण दोघांनाही जागा मिळाली.

आपल्याकडचं उदाहरण बंगळुरूचं. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं इंग्रजी नाव अधिकृतपणे ‘बेंगळुरू’ झालं, तरी इंग्रजी विकिपीडियावर पुढे कित्येक वर्षं ‘बँगलोर’च होतं. सरकारी नावापेक्षा इंग्रजीत लोक सर्रास काय वापरतात ते बघायचं, हा तिथला नियम. राग येऊ शकतो, पण नियम सगळ्यांना माहीत असला की भांडण निदान माणसावर घसरत नाही.

फंडा काय?

सगळ्यात धमाल नियम इंग्रजी विकिपीडियाचा. एका पानावर चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचं लिखाण उलटवलंत, तर तुम्हाला ब्लॉक करता येतं. तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं असलं तरी! म्हणजे बरोबर कोण, हे ठरवायच्या आधी हात थांबवायचे.

पुढची पायरी म्हणजे लेखाचं चर्चापान, तिथे बोलायचं. तिथेही अडलं, तर वादात नसलेल्या तिसऱ्या माणसाचं मत मागायचं, मग आणखी लोकांना बोलवायचं. मराठीत यासाठी जी सार्वजनिक जागा आहे तिचं नावच ‘चावडी’. डोकी सहसा मोजायची नाहीत. कुणाचं कारण आणि पुरावा पटतो ते बघायचं आणि सहमती शोधायची. इंग्रजी विकिपीडियावर २००४ पासून एक लवाद समितीही आहे. पण ती शेवटची पायरी, आणि ती लेखात काय लिहावं हे ठरवत नाही, माणसं एकमेकांशी कशी वागली ते बघते.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या रात्री दोनच्या सुमाराला त्या सदस्याचा निरोप आला, ‘आपल्याला योग्य वाटेल तसे ठेवा. धन्यवाद.’ मी स्क्रीनशॉट काढून मैत्रिणींना पाठवला. जिंकले!

तीन आठवड्यांनी एका प्रचालकानं चर्चापानावर लिहिलं. कोण बरोबर, हे सांगितलंच नाही. एवढंच विचारलं, ‘दोन्ही पद्धती छापील पुस्तकातून दाखवता येतील का?’ मी पुस्तकं धुंडाळली. पुणेरी मिसळीत पोहे आणि बटाट्याची भाजी चक्क होती! मग लेखात दोन परिच्छेद झाले, एक कोल्हापुरी, एक पुणेरी. काम अर्ध्या तासाचं.

हे सांगावं म्हणून त्या सदस्याचं पान उघडलं. त्याच्या योगदानांच्या यादीत सगळ्यात वर मिसळच होती, त्या रात्रीची. त्यानंतर काही नाही. खाली त्याच्या तालुक्यातल्या नद्यांवरचे छोटे छोटे लेख, प्रत्येकाला नीट संदर्भ दिलेला. मी माफी मागितली. उत्तर आलं नाही, अजूनही नाही.

ऑफिसात माणूस चिडला तरी सोमवारी येतो, कारण एक तारखेला पगार असतो. फुकट काम करणाऱ्याला परत यायचं काहीच कारण नसतं. तो दार आपटत नाही, नुसता येईनासा होतो. विकिपीडियाचे ते सगळे वेळखाऊ नियम मला आता त्यासाठीच वाटतात. वाद उद्याही मिटेल, माणूस आज टिकला पाहिजे.

त्याच्या एका लेखातली उपनद्यांची यादी चौथ्या नावाशी थांबलीय. गेल्या महिन्यात लायब्ररीत जाऊन मी जिल्हा गॅझेटियर काढलं आणि पाचवं नाव घातलं. सोबत संदर्भही दिला, त्याच्यासारखाच.

भांडण पेटलंय? हे करून बघा!

• रात्री अकरानंतर उत्तर टाइप करा, पण पाठवू नका. सकाळी परत वाचा.

• समोरच्याचा हेतू चांगलाच आहे, असं धरून सुरुवात करा. नसेल तर ते कळेलच.

• ‘तू चुकलास’ऐवजी ‘हे कुठे वाचलंस?’ विचारा.

• दोघं अडलात की तिसरा शोधा. तुमचा बेस्ट फ्रेंड नको, ज्याला काहीच फरक पडत नाही असा.

• ‘हे किंवा ते’ऐवजी ‘हे आणि ते’ जमतंय का बघा. मिसळीत जमलं!