पत्र उघडण्यापूर्वीची ओळ

व्याख्यानमालेचा फळा चौकात लागला म्हणजे येणाराजाणारा क्षणभर थांबतो. फळ्यावर वक्त्याचे नाव, विषय, स्थळ आणि वेळ, एवढ्याच गोष्टी असतात. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून महाराष्ट्रातल्या गावोगावच्या मालांचा रिवाज हाच आहे. व्याख्यान कितीही तयारीचे असो, संध्याकाळी सभामंडपात यावे की घरी बसावे याचा निर्णय मनुष्य त्या फळ्यासमोर उभा राहूनच करतो. ई-मेलने पाठविलेल्या व्यापारी पत्राचेही असेच आहे. पत्र मागाहून, आधी त्याच्या विषयाची एक ओळ समोर येते आणि ती पाहूनच माणूस पत्र उघडतो किंवा पुढे जातो. ही ओळ कशी लिहावी, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

हा प्रश्न यंत्रामुळे नव्याने उपजला असे मात्र नाही. आपल्याकडे लग्नाच्या पत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावीत. पोस्टमनने पत्रिका हाती देताच घरातली निरक्षर आजीदेखील ओळखी, की कोठेतरी मंगलकार्य निघाले आहे. उलट, अशुभ वार्तेचे कार्ड वाचून होताच फाडून टाकण्याची चाल होती. ते घरात ठेवीत नसत. म्हणजे पत्र कशाविषयी आहे हे मजकुराआधी कळावे, ही गरज फार जुनी आहे. आणि हळदकुंकवाची ती खूण कोणी खोटी लावीत नसे. तिचे सारे बळ या खरेपणात होते.

ई-मेलमध्ये ही खूण विषयाच्या ओळीच्या रूपाने आली. एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर पत्र पाठविण्याचा प्रयोग अमेरिकेत रे टॉमलिन्सन यांनी १९७१ साली केला. पुढे १९७३ च्या सप्टेंबरात अशा पत्रांच्या मथळ्याला शिस्त लावणारा एक छोटा दस्तऐवज चौघांनी मिळून लिहिला. पाठविणारा कोण, तारीख कोणती आणि विषय काय, या तीन गोष्टी पत्राच्या माथ्यावर ठराविक रीतीने लिहाव्यात, असे त्यात सुचविले होते. त्या चौघांत टॉमलिन्सन होतेच. शिवाय कानपूरच्या आयआयटीतून शिकून गेलेले अभय भूषण हेही होते. पुढे पाचच वर्षांनी, १९७८ च्या मे महिन्यात, एका संगणक कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याने आपल्या नव्या यंत्रांची जाहिरात सुमारे चारशे लोकांना एकदमच धाडून दिली. न मागता आलेले हे पहिले व्यापारी ई-पत्र समजले जाते. लोक संतापले. विषयाच्या ओळीपुढचा खरा प्रश्न तेथून सुरू झाला : ज्याने पत्र मागितलेले नाही, किंवा मागितले असले तरी ज्याला वेळ नाही, त्याने ते का उघडावे?

आता आपल्या बीड जिल्ह्यातले उदाहरण घेऊ. बालाघाटच्या डोंगररांगेत, धारूरच्या आसपास, सीताफळ होते. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे पुष्कळांस ठाऊक असेल. पण मानांकनाने फळाचे आयुष्य वाढत नाही. सीताफळाचे डोळे उघडले, डोळ्यांमधल्या खाचा पिवळट पांढऱ्या दिसू लागल्या, की ते तोडावे लागते. आणि तोडल्यावर दोनचार दिवसांत ते मऊ पडते. समजा, धारूरकडच्या एका शेतकऱ्याने पुण्यातल्या दोनशे गिऱ्हाइकांचे पत्ते, त्यांच्या संमतीने, जमविले आहेत. कोणी घरगुती गिऱ्हाईक, कोणी फळांचे दुकानदार, कोणी रबडी आणि आइस्क्रीम करणारे. सोमवारी त्याने पत्र धाडले. ते गुरुवारी उघडले गेले तर त्याचा उपयोग काय? तोवर फळ एक तर दलालाच्या भावाने गेले असेल, नाही तर टोपलीत काळे पडले असेल. येथे एका ओळीवर एका तोडणीची किंमत अवलंबून आहे.

जिल्ह्यातला बराचसा व्यवहार फोनवर आणि व्हॉट्सॲपवर होतो, हे खरे. परंतु दुकानदार, उपाहारगृहे, कचेऱ्या आणि परगावी वा परदेशी स्थायिक झालेली मंडळी यांच्याशी ई-मेलचा व्यवहार चालतोच. शिवाय व्हॉट्सॲपच्या निरोपाची पहिली ओळसुद्धा हेच काम करते. म्हणून पुढील विवेचन दोहोंस लागू पडेल.

आमच्या पाहण्यात येणाऱ्या अशा पत्रांत पहिला दोष आढळतो तो अर्जाच्या सवयीचा. तहसील कचेरीत अर्ज करून करून आपला हात वळला आहे. ‘विषय : सातबारा उतारा मिळणेबाबत.’ त्याच वळणावर मनुष्य लिहून जातो, ‘विषय : सीताफळ विक्रीबाबत.’ अर्जाची ही ओळ अर्जापुरती उत्तम आहे. कारण कारकुनाला तो अर्ज उघडणे भागच असते. ओळीचे काम एवढेच, की कागद योग्य टेबलावर जावा. गिऱ्हाइकावर असे कोणतेही बंधन नाही. ‘बाबत’ म्हटल्याने विषय कळतो, पण त्यात आपले काय, हे कळत नाही.

दुसरा दोष याच्या अगदी उलट, बाजारी आरोळीचा. ‘सुवर्णसंधी! त्वरा करा! शेवटचे काही तास!’ यात फळाचे नाव नाही, गावाचे नाही, दिवसाचे नाही. जत्रेत दहा दुकानदार एकदम ओरडू लागले म्हणजे कोणाचेच ऐकू येत नाही, तशी या ओळीची गत होते. उद्गारचिन्हांनी निकड निर्माण होत नाही. निकड तारखेने निर्माण होते.

मग चांगली ओळ कशाला म्हणावे? याचे उत्तर आपल्या जुन्या शास्त्रकारांनी, ग्रंथापुरते का होईना, देऊन ठेविले आहे. अंबाजोगाईचे नाव ज्यांच्याशी जोडले गेले आहे त्या मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ शके १११०, म्हणजे इसवी सन ११८८ चा मानतात. तो ज्या वेदान्ताच्या परंपरेतला आहे त्या परंपरेत ग्रंथारंभी चार गोष्टी स्पष्ट असाव्यात असा दंडक आहे. त्यांना अनुबंधचतुष्टय म्हणतात. अधिकारी, म्हणजे हा ग्रंथ कोणासाठी. विषय, म्हणजे कशाविषयी. संबंध, म्हणजे ग्रंथाचे आणि विषयाचे नाते काय. आणि प्रयोजन, म्हणजे वाचून मिळणार काय. मोक्षाचा ग्रंथ आणि सीताफळाचे पत्र यांत अंतर फार आहे, हे कबूल. तथापि वाचकाचे मन दोन्हीकडे तेच आहे. आपण संबंधाचा अर्थ थोडा सैल करून ‘माझे आणि पत्र धाडणाराचे नाते’ असा घेऊ, म्हणजे चारही कसोट्या आपल्या ओळीला लावता येतील.

त्या शेतकऱ्याने असे लिहिले असते तर? ‘बालाघाटचे सीताफळ शनिवारी पुण्यात, मागणी बुधवारपर्यंत.’ विषय कळला : सीताफळ, आणि तेही कोठले. प्रयोजन कळले : शनिवारी फळ दाराशी. काय करावयाचे आणि केव्हापर्यंत, तेही कळले. राहिले अधिकारी आणि संबंध. दोनशे गिऱ्हाइके एकसारखी नाहीत, हे येथे ध्यानात घ्यावे. जे मूळचे बीडचे असून पुण्यात राहतात त्यांना ‘आपल्या गावाकडचे सीताफळ’ हे शब्द पुरतात. रबडीवाल्याला गावाशी कर्तव्य नाही. त्याला गर किती आणि माल किती हे हवे. ‘रबडीसाठी सीताफळ : शनिवारी वीस क्रेट.’ पत्र एकच असले तरी यादीचे दोनतीन भाग पाडून प्रत्येकाला वेगळी ओळ लिहावी. एवढे श्रम पाच मिनिटांचे असतात.

आता लांबीविषयी. मोबाइलच्या पडद्यावर ओळीचा आरंभच तेवढा दिसतो. शेपूट कापले जाते. म्हणून महत्त्वाचा शब्द आधी यावा. वरील ओळीतले ‘बालाघाटचे सीताफळ शनिवारी पुण्यात’ एवढेच दिसले तरी अर्थ पुरा होतो. ती अवघी सोळा अक्षरे आहेत. ‘आमच्या सर्व सन्माननीय ग्राहकांना कळविण्यास अत्यंत आनंद होतो की’ अशी सुरुवात केली तर आनंद तेवढा दिसतो, फळ दिसत नाही.

मराठीत लिहिणाऱ्याने आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. पत्राचा मथळा मुळात रोमन अक्षरांसाठीच घडविला गेला होता. देवनागरीसारख्या लिप्या मथळ्यात सांकेतिक रूपाने कशा न्याव्यात याची रीत १९९० च्या दशकात ठरली. आजच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक घटकाला तीन बाइट लागतात. ‘पुण्यात’ या शब्दातले ‘ण्या’ आपल्याला एक अक्षर दिसते. यंत्र मात्र त्यात ण, हलन्त, य आणि काना असे चार घटक मोजते, म्हणजे बारा बाइट. चांगल्या प्रणालीत याचा त्रास होत नाही. जुन्या किंवा निष्काळजीपणे बांधलेल्या प्रणालीत मात्र ओळीच्या जागी प्रश्नचिन्हांची माळ उमटते. म्हणून पत्र सर्वांस धाडण्यापूर्वी ते स्वतःच्या आणि एखाद्या स्नेह्याच्या पत्त्यावर धाडून, मोबाइलवर आणि संगणकावर, दोन्हीकडे पाहून घ्यावे.

विषयाची ओळ एकटी नसते, हेही विसरू नये. तिच्याशेजारी धाडणाराचे नाव असते, आणि पुष्कळ जण आधी तेच वाचतात. तेथे नुसते ‘विक्री विभाग’ किंवा आकड्यांनी भरलेला पत्ता असेल तर चांगली ओळही संशयास्पद ठरते. जे नाव गिऱ्हाइकाने पत्ता देताना ऐकले होते तेच नाव तेथे असावे, आणि ते वारंवार बदलू नये. ओळीनंतर पत्राच्या मजकुराचे पहिले काही शब्दही फिकट अक्षरांत दिसतात. ती जागा ‘महोदय, सविनय’ यात घालविण्याऐवजी तेथे भाव लिहावा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पत्र उघडले जावे एवढाच हेतू ठेवला तर तो साधणे मुळीच कठीण नाही. ‘आपले पार्सल अडकले आहे’ असे लिहा, लोक धावत येऊन उघडतील. पूर्वी पत्रव्यवहार झालेला नसताना उत्तरादाखल लिहिल्यासारखे ‘री’ ओळीच्या आरंभी जोडा, तरीही उघडतील. परंतु उघडताच त्यांना कळेल की आपण फसलो. २००३ साली अमेरिकेने केलेल्या कायद्यात फसवी विषयओळ बेकायदेशीरच ठरविली आहे. आपल्याकडे २०२३ साली संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्याचा मुख्य पायाही माणसाची संमती हाच आहे. टपाल सांभाळणाऱ्या कंपन्याही आता कडक झाल्या आहेत. गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून, जे दिवसाला पाच हजारांहून अधिक पत्रे जीमेलच्या पत्त्यांवर धाडतात त्यांच्यासाठी नियम घातले : एका टिचकीत नाव कमी करण्याची सोय ठेवावी आणि ‘स्पॅम’ म्हणून होणाऱ्या तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांपर्यंत जाऊ देऊ नये. म्हणजे हजारांत तीन माणसे चिडली की पुरे झाले. आपला शेतकरी पाच हजार पत्रे धाडीत नाही. पण तक्रारी साचल्या तर त्याची पुढची पत्रेही अडगळीच्या कप्प्यात पडू लागतील, आणि खरी तोडणी आली तेव्हा खरी हाकही कोणाला ऐकू जाणार नाही. लांडगा आला रे आला, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे. येथे तिचा हिशेब यंत्र ठेवते, एवढाच फरक.

कोणती ओळ चालते हे पाहण्यासाठी यादीचे दोन भाग करून दोन ओळी धाडण्याची रीत आहे. ती चांगली आहे, पण आकड्यांनी हुरळून जाऊ नये. शंभरांपैकी तीस जणांनी एक पत्र उघडले आणि दुसऱ्या शंभरांपैकी छत्तीस जणांनी दुसरे, तर हा फरक निव्वळ योगायोगानेही सहज पडू शकतो. शिवाय ‘उघडले’ हा आकडाही आता पूर्वीइतका भरवशाचा उरलेला नाही. पत्रात दडविलेले एक अदृश्य चित्र वाचकाकडे उतरले की पत्र उघडले असे मोजतात. पण २०२१ पासून ॲपलच्या टपालप्रणालीत, वाचकाने खासगीपणाची सोय चालू ठेवली असेल तर, अशी चित्रे माणसाने पत्र पाहिले नसतानाही आधीच उतरवून घेतली जातात. तेव्हा उघडलेल्या पत्रांपेक्षा आलेल्या मागण्या मोजाव्यात. शनिवारी किती क्रेट गेले, हा आकडा खोटे बोलत नाही.

असो. सारांश इतकाच, की विषयाची ओळ म्हणजे वाचकाला दिलेला एक छोटा शब्द आहे. आत जे आहे तेच बाहेर सांगावे, जे त्याच्या उपयोगाचे ते आधी सांगावे, आणि ज्या दिवशी सांगण्यासारखे काही नसेल त्या दिवशी पत्रच धाडू नये. सीताफळाचे डोळे उघडतात ते आत गर भरल्यावर. कच्चे फळ तोडून ठेवले तर ते पिकत नाही, नुसते काळे पडते. ओळ लिहिण्यापूर्वी शेतकऱ्याने हे आपल्याच झाडाकडे पाहून आठवावे.