सीताफळ काढायचे केव्हा आणि खायचे केव्हा

सीताफळ सर्वांना आवडते. पण ते झाडावरून केव्हा काढावे आणि केव्हा खावे हे पुष्कळांना समजत नाही. मला पण समजत नव्हते.

आंबा पिवळा होतो, जांभूळ काळे होते, बोर लाल होते. सीताफळ मात्र कच्चे असताना हिरवे आणि पिकले तरी बहुधा हिरवेच. म्हणून रंग बघून फसायला होते. त्याचे डोळे बघावे लागतात. फळाच्या अंगावर जे उंचवटे असतात त्यांना डोळे म्हणतात. फळ कोवळे असते तेव्हा डोळे एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात. पाऊस सरत आला की डोळे फुगतात आणि दोन डोळ्यांमधली भेग रुंद होते. ती भेग पांढरट पिवळी दिसू लागली की आमची आज्जी म्हणते, "डोळं उघडलं बघ." असे फळ काढायचे. हाताला ते दगडासारखे कडकच लागते, तरी काढायचे.

मागच्या वर्षी मी चूक केली. आमच्या बांधावर सीताफळाची झाडे आहेत. दिवाळीच्या आधी आज्जी ती फळे विकणार होती आणि त्या पैशातून मला नवे दप्तर येणार होते. मला घाई झाली. कोणाला न विचारता मी एक पाटीभर फळे तोडून आणली. आज्जीने एक फळ हातात घेतले आणि म्हणाली, "आगं, ह्याचं डोळं मिटल्यालं हायेत अजून." तरी तिने ती गवतात घातली. पाच दिवस झाले, आठ दिवस झाले. फळे मऊ झालीच नाहीत. काळी पडली आणि सुरकुतली. फोडून बघितले तर आत गर थोडा आणि फिक्का. दप्तर जुनेच राहिले.

मी बाईंना कारण विचारले. बाई म्हणाल्या, काही फळे तोडल्यावरही पिकतात. आंबा, केळी, चिकू आणि सीताफळ ही तशी आहेत. द्राक्षे, डाळिंब, लिंबू तोडल्यावर गोड होत नाहीत, जशी तोडली तशीच राहतात. पिकणाऱ्या फळातून इथिलीन नावाचा वायू निघतो, तो शेजारच्या फळालाही पिकवतो. म्हणूनच अढी घालतात. पण फळ आतून तयार झालेले नसेल तर अढी काहीच करू शकत नाही. परदेशातून आलेले अ‍ॅव्होकॅडो नावाचे एक फळ आहे, ते तर झाडावर मऊ होतच नाही, काढल्यावरच होते. सीताफळ तसे नाही. ते झाडावरही पिकते, पण मग ते फुटते आणि आपल्या आधी पाखरे आणि मुंग्या खातात. काही लोक कार्बाईडची पुडी ठेवून फळे पिकवतात. त्याला कायद्याने बंदी आहे.

आता अढी. टोपलीत वाळलेले गवत घालावे, फळे एकमेकांवर न आपटता ठेवावी, वरून गोणपाट टाकावे. डोळे उघडलेले फळ साधारण तीन-चार दिवसांत पिकते. रोज बघावे, कारण सगळी एकदम पिकत नाहीत. बघताना अंगठ्याने दाबू नये! आमच्या घरी पाहुण्यांची पोरे येतात ती सगळ्या फळांना अंगठा लावतात, मग तेवढी जागा काळी पडते. फळ तळहातावर घ्यावे आणि चार बोटांनी हळूच धरावे. जरा दबले, गोड वास आला आणि देठ सहज निघाला, की खावे. त्याच दिवशी खावे. कच्चे फळ फ्रीजमध्ये ठेवू नये, ते काळे पडते आणि नीट पिकत नाही.

बिया मात्र चावू नयेत, त्या विषारी असतात. बियांची पूड डोळ्यात गेली तर डोळ्याला फार इजा होते. माझ्या लहान भावाला मी गर काढूनच देते.

आणखी एक गंमत. सीताफळाचा पाला शेळ्या खात नाहीत. म्हणून डोंगरावर दुसरी झाडे नसली तरी हे झाड टिकते. आपल्या गावात तर चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी आहे, त्यामुळे इतर झाडेही वाढली आहेत.

यंदा आज्जीने मला एकटीला बांधावर पाठवले. मी 17 फळे आणली. आज्जीने प्रत्येकाचे डोळे बघितले आणि दोन बाजूला काढली. पंधरा अढीत आहेत.

— इयत्ता 4 थी