कळण्याआधीचे आठवडे (जन्माआधी : लेखांक ४)

ग्रहण लागलं की गरोदर बाईच्या हातातली विळी काढून घेतात. भाजी चिरली तर बाळाचा ओठ फाटतो, अशी धास्ती. सातवा महिना असो की नववा, तिला एका जागी बसवून ठेवतात, काही घरांत पाण्याचा घोटही घेऊ देत नाहीत. खरं तर बाळाचा वरचा ओठ गर्भाच्या सहाव्या-सातव्या आठवड्यातच सांधला जातो, आणि त्यानंतर काही आठवड्यांत टाळूही जुळतो. सातव्या महिन्यात आकाशात काहीही घडलं तरी सांधलेला ओठ पुन्हा उकलत नाही. मला या समजुतीची चीड येते, ती मात्र आणखी एका कारणाने. अशा कितीतरी घरांत तीच बाई सकाळ-संध्याकाळ दातांना मिश्री लावते आणि तिला कुणी हटकत नाही.

मागच्या लेखांकात आपण गर्भनलिकेत फळलेलं बीज गर्भाशयाच्या अस्तरात रुजेपर्यंत आलो होतो. त्या पहिल्या दोन आठवड्यांचा हिशेब सोपा असतो. मोठा आघात झाला तर गर्भ टिकत नाही, आणि टिकला तर बहुधा धडधाकट वाढतो. पेशी अजून वेगवेगळ्या कामांना लागलेल्या नसतात, त्यामुळे गेलेल्या पेशींची जागा उरलेल्या भरून काढतात. तिसऱ्या आठवड्यापासून ही सवलत संपते. तिथून आठव्या आठवड्यापर्यंत हृदय, मेंदू, हातपाय, डोळे, कान या सगळ्यांची मांडणी होते.

इथे आठवड्यांच्या मोजणीचा घोळ निस्तरायला हवा. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, आणि गर्भ तर त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी धरतो. म्हणजे केसपेपरवर सहावा आठवडा लिहिलेला असतो, तेव्हा गर्भाचं वय चार आठवडे असतं. या लेखात मी सगळीकडे गर्भाचं वय धरलं आहे.

अठराव्या दिवसाच्या सुमारास गर्भाच्या पाठीवर पेशींची एक सपाट पट्टी असते. तिच्या दोन्ही कडा वर उचलल्या जातात, एकमेकींकडे झुकतात आणि करंजीच्या पारीच्या कडा दाबाव्यात तशा जुळतात. जुळणी मानेच्या भागात सुरू होते आणि तिथून डोक्याकडे व खाली कमरेकडे सरकत जाते. वरचं टोक साधारण पंचविसाव्या दिवशी मिटतं, खालचं अठ्ठाविसाव्या. या नळीतूनच पुढे मेंदू आणि मज्जारज्जू घडतात. वरचं टोक उघडं राहिलं तर मेंदू आणि कवटी नीट बनतच नाहीत आणि असं बाळ जगत नाही. खालचं टोक उघडं राहिलं तर पाठीचा कणा दुभंगलेला राहतो, त्याला स्पायना बिफिडा म्हणतात. अशा मुलाच्या पायांत अनेकदा बळ नसतं, लघवी-शौचावर ताबा नसतो. या सगळ्या वेळी गर्भ असतो जेमतेम चार मिलिमीटरचा. पाळी चुकून दोन आठवडे झालेले असतात. पुष्कळ बायकांना तेव्हा कुठे शंका येते, आणि सोनोग्राफी तर त्याहून लांब असते.

या व्यंगाचा मोठा भाग टाळता येतो. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलचा निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. आधीच्या बाळात हा दोष असलेल्या स्त्रियांनी गर्भ राहण्याआधीपासून फोलिक ॲसिड घेतलं, तेव्हा तो पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. एरवी रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी पुरते. आधी असं बाळ झालेलं असेल तर मात्रा दसपट लागते आणि ती डॉक्टरच ठरवतात. पण गोळी सुरू करायची ती दिवस जाण्याआधी. चाचणीच्या पट्टीवर दोन रेघा दिसल्यावर सुरू केली, तर नळी मिटण्याची वेळ बहुधा निम्मी सरलेली असते.

गर्भाच्या दिवसांचा हा काटेकोरपणा जगाला कळला तो थॅलिडोमाइडमुळे. पश्चिम जर्मनीत १९५७ मध्ये हे झोपेचं औषध बाजारात आलं आणि गरोदरपणातल्या मळमळीवरही दिलं जाऊ लागलं. गर्भाच्या साधारण विसाव्या ते छत्तिसाव्या दिवसांत ते पोटात गेलं तर व्यंग येई. आधीच्या दिवसांत कानांना, मग हातांना, मग पायांना. एखादी गोळीसुद्धा पुरे होई. १९६१ च्या नोव्हेंबरमध्ये ते तिथे मागे घेतलं गेलं, पण तोवर जगभरात दहा हजारांहून अधिक बालकांना त्याची झळ पोचली होती. वार म्हणजे बाळाभोवतीची अभेद्य भिंत, हा समज त्यानंतर टिकला नाही.

खरं तर त्याच्या वीस वर्षं आधीच तसा इशारा मिळाला होता. सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ मध्ये जन्मजात मोतीबिंदू असलेल्या ७८ बाळांची नोंद मांडली. त्यांतल्या बहुतेकांच्या आयांना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला होऊन गेला होता. आईला आलेला किरकोळ ताप आणि पुरळ, बाळाला मात्र मोतीबिंदू, बहिरेपण आणि हृदयदोष. आपल्याकडे २०१८ मध्ये शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची लस दिली गेली, ती पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना. तेव्हा त्याहून मोठ्या असलेल्या मुलींनी ही लस घेतली आहे का, ते पाहावं. घ्यायची राहिली असेल तर ती घेतल्यावर महिनाभर दिवस जाऊ देऊ नयेत, आणि गरोदरपणात ती घेऊच नये.

नवव्या आठवड्यापासून पुढे मुख्यतः वाढ होते. अवयव मांडून झालेले असतात, पण मेंदू शेवटपर्यंत घडत राहतो. म्हणून दारूला कोणताही महिना सुरक्षित नाही. तंबाखूतलं निकोटिन वारेतून थेट बाळापर्यंत पोचतं. मुंबईत १२१७ स्त्रियांची पाहणी झाली आणि ती २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आली. धूर न काढता तंबाखू वापरणाऱ्या आयांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनी कमी भरलं. मिश्री हा असाच तंबाखू, फक्त भाजून पूड केलेला. बाई ती नुसती घासून थुंकते, तरी निकोटिन हिरड्यांतून रक्तात जातंच.

मधुमेह असलेल्या, फिटची औषधं चालू असलेल्या स्त्रियांनी तर दिवस जाण्याआधीच डॉक्टरांकडे जावं. गर्भ धरतेवेळी साखर चढलेली असेल तर हृदयाच्या व्यंगाचा धोका वाढतो. फिटच्या व्हॅल्प्रोएट या औषधाने पाठीचा कणा दुभंगलेला राहण्याचा धोका वाढतो, पण म्हणून ते मनाने बंद करणंही घातक. बदल डॉक्टरांनाच करू द्यावा.

तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही, अशी आपल्याकडे रीत आहे. शेजारीपाजाऱ्यांना खुशाल सांगू नका. आशाताईंना आणि डॉक्टरांना मात्र पाळी चुकल्याबरोबर सांगा, आणि मूल हवं असं ठरेल त्याच दिवशी फोलिक ॲसिडची गोळी सुरू करा.