ऑइलचा पिवळा दिवा लागला? आधी डिपस्टिक ओढा
कळंबोलीहून एक्सप्रेसवेला लागताना ऑइलचा दिवा पेटला, तर आधी रंग बघा. लाल म्हणजे प्रेशर गेलं. बाजूला घेऊन इंजिन बंद, घाट वगैरे विसरा. पिवळा बहुतेक गाड्यांत लेव्हलचा. गाडी सपाटीवर लावा, इंजिन बंद करून ५-१० मिनिटं थांबा, डिपस्टिक पुसून पुन्हा घाला आणि काढून लेव्हल बघा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये असूनही हा पिवळा दिवा जात नसेल, तर संशय लेव्हल सेन्सरवर. तो बहुधा ऑइल पॅनच्या तळाशी असतो, म्हणजे आपल्या पावसाळ्यात थेट चिखलपाण्याच्या तोंडी. म्हणून नवा घेण्याआधी कनेक्टर काढून बघा: हिरवट गंज, आत झिरपलेलं ऑइल, तुटकी वायर. सेन्सर बदलायचाच झाला तर ऑइल बदलतानाच बदला. तळाचा सेन्सर काढला की ऑइल तसंही उतरवावं लागतं.