लकवा झाला म्हणून वल्हे कायमचे ठेवायचे नसते



१६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद, आपण सगळे घरीच. म्हणून हे आत्ता लिहितो आहोत, निवांत वाचा आणि घरात वाचून दाखवा.

आपल्या धारकडच्या काठावरच्या एका काकांचा गेल्या हिवाळ्यात पहाटे जाळे ओढतानाच उजवा हात सुटला. तोंड वाकडे, बोलणे अडखळते. घरच्यांना वाटले थंडी लागली. आधी तेल चोळले, मग कोणीतरी कबुतराचे रक्त आणायला पळाले. दवाखान्यात पोचेपर्यंत दुपार झाली. मेंदूच्या नसेत गाठ अडकली असेल तर ती विरघळवायचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्याआधी सीटी स्कॅन हवाच. कुक्षी-निसरपूरकडून काय किंवा नेमावरकडून काय, इंदूर गाठायलाच निम्मा वेळ जातो. म्हणून तोंड वाकडे, हात खाली पडतो, बोबडे बोलणे, यातले एक जरी दिसले तरी लगेच १०८ ला फोन. माणूस शेवटचा धडधाकट कधी पाहिला ती वेळ लक्षात ठेवा, डॉक्टर पहिले तेच विचारतात. आणि पाणी पाजू नका, गिळता येत नसेल तर ते श्वासनळीत जाते.

काका वाचले, पण उजवी बाजू गेली. घरी आणले तेव्हा सगळे म्हणाले, आता आराम करू द्या. इथेच चुकते. मेंदूचा मेलेला भाग परत येत नाही, पण शेजारचा भाग ते काम शिकू शकतो, आणि शिकतो तो पुन्हा पुन्हा केल्यानेच. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सगळ्यात भराभर होते. पुढेही होते, पण हळू.

फिजिओथेरपिस्ट ताईंनी वहिनींना जे शिकवले ते असे. दर दोन तासांनी कूस बदलायची. उठवताना लकव्याचा हात धरून ओढायचे नाही, खांदा निखळतो. आमच्यापैकी निम्म्या लोकांनी काकांना तसेच उठवले होते, हे कबूल करतो. मग खाटेवरून उठ-बस, दिवसातून कितीतरी वेळा. काठी चांगल्या हातात. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना लकव्याचा आधी. बोटे आखडत असतील तर चेंडू दाबत बसण्यापेक्षा मूठ उघडायचा सराव जास्त करा. काकांना सगळ्यात कामाला आले ते जाळे. डाव्या हाताने धरायचे आणि उजव्याने गाठ मारायची. पहिले काही आठवडे एकही गाठ धड बसली नाही, वैतागून जाळे फेकूनही दिले.

राजस्थानात बुटाटी धामला जाऊन सात दिवस राहणारे आपल्यातही आहेत. श्रद्धा असेल तर जा. गोळ्या आणि व्यायाम तिथेही चालू ठेवा.

आता पैशाचे. आयुष्मान कार्डावर भरती झाल्यावरचा खर्च निघतो, रोजच्या फिजिओथेरपीचा नाही. मच्छीमारांचा सामूहिक विमा अपघाताचा आहे, त्यात लकवा बसत नाही. काही सभासद त्या आशेवर कागद घेऊन आले होते, म्हणून स्पष्ट लिहितो. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त निघाले तर प्रमाणपत्र जरूर काढा. रोज फिजिओकडे जाणे परवडत नसेल तर अधूनमधून दाखवून व्यायाम शिकून घ्या, बाकी घरी.

नाव मालकांना एक विनंती. असा माणूस परत कामावर आला की त्याला थेट नावेत चढवू नका. हलत्या नावेत तोल सांभाळणे हे सगळ्यात शेवटी जमते. काट्यावर, हिशोबाला, जाळे दुरुस्तीला बसवा. आणि तुम्ही स्वतः बीपी तपासा, तंबाखू-बिडी आणि खारवलेल्या मासळीचा हात आवरा. बीपीची गोळी बरे वाटले म्हणून बंद करणारे आपल्यात फार.

काका आता काठीशिवाय घाटापर्यंत येतात आणि संस्थेच्या काट्यावर बसतात. नावेत एकटे सोडत नाही म्हणून रोज आमच्याशी भांडतात.