परसातले तिरफळ आणि बुद्ध मयूरी

आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर वसली आहे आणि येथे वर्षाला ७,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पर्यटकांना येथील धबधबा ठाऊक असतो. अभ्यासकांना मात्र हे गाव वेगळ्या कारणाने महत्त्वाचे वाटते. २००९ साली विज्ञानाने प्रथम नोंदलेल्या एका भेकाला आंबोलीचे नाव मिळाले. २०२० साली हिरण्यकेशीच्या उगमाशी माशाची एक नवी जात नोंदली गेली आणि पुढच्याच वर्षी ते ठिकाण जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाले. हे वैभव केवळ जंगलापुरते नाही. त्यातील काही वाटा आपल्या परसातही नांदू शकतो.

त्यासाठी एक साधा नियम समजून घ्यावा लागेल. फुलपाखरू मध अनेक फुलांतून घेते, परंतु अंडी ठराविक झाडांवरच घालते. कारण अळीला तीच पाने मानवतात. म्हणून गुलमोहर आणि शोभेची परदेशी झुडपे लावून अंगण रंगीत होते, पण त्यात नवी पिढी वाढत नाही. अळ्या नाहीत तर पक्षीही नाहीत, कारण फुलांतील मध पिणारा शिंजीरसुद्धा आपल्या पिलांना कीटक भरवतो.

आपल्या बांगड्याच्या तिखल्यात पडणाऱ्या तिरफळाचेच उदाहरण घ्या. या काटेरी झाडाच्या पानांवर हिरव्या-निळ्या पट्ट्याच्या एका देखण्या फुलपाखराच्या अळ्या वाढतात. १८७२ साली त्याचे शास्त्रीय नामकरण झाले, तेव्हा त्याला तथागतांचे नाव देण्यात आले. केरळने २०१८ मध्ये त्याला राज्य फुलपाखरू घोषित केले. तेथे त्याला 'बुद्ध मयूरी' म्हणतात. तिरफळाचे झाड तोडले, तर या फुलपाखराचे घर जाते.

परसाच्या कडेला तिरफळ, रातांबा व जांभूळ लावावे. उंबर घराच्या भिंतीपासून दूर असावा. कुंपणाला करवंद, निरगुडी, अडुळसा पुरेसे आहेत. रोपे जंगलातून उपटून आणू नयेत. गावातील झाडांच्या बियांपासून तयार करून मृगाच्या पावसात लावावीत. पाने कुरतडलेली दिसली म्हणून लगेच औषध फवारू नये; ती झाडाची विटंबना नव्हे, अळीचे जेवण आहे. जांभ्या दगडाचा थोडा भाग फरशीविना उघडा ठेवावा, कारण त्याच्या खळग्यांत साचणाऱ्या पावसाच्या पाण्यात बेडूक-भेकांची वीण होते. आंबोलीतला उडता बेडूक तर पाण्यावर झुकलेल्या फांदीवर फेसाचे घरटे करतो. पिले त्यातून थेट पाण्यात पडतात. पाणी आणि त्यावर झुकलेले झुडूप, दोन्ही हवे.

राहिला पातेरा. झाडून पेटवण्याची आपली जुनी सवय आहे. सम्राट अशोकाने पाचव्या स्तंभलेखात, ज्यात जीव आहेत असा भुसा जाळू नये आणि विनाकारण वने पेटवू नयेत, असे बजावले होते. दुसऱ्या शिलालेखात मनुष्य आणि पशू या दोहोंसाठी झाडे लावल्याची व विहिरी खोदल्याची नोंद आहे. सापाची भीती खरी आहे. म्हणून पातेरा पायरीजवळ न ठेवता परसाच्या टोकाला, झाडांच्या बुंध्याशी पसरावा. तेथे त्याचे खत होते.

पशुपक्ष्यांविषयी बोलताना आपल्या समाजात एक कडवट आठवण जागी होते. महाडच्या चवदार तळ्यावर जनावरे पाणी पीत, तेव्हा आपल्या माणसांना मनाई होती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ती मनाई मोडली. ही आठवण पुसायची नाही. परंतु तिच्यातून जीवमात्राविषयी उदासीनता शिकायची, की आपल्या हाती आलेले पाणी आणि जमीन कोणालाही न नाकारण्याचा निश्चय करायचा, हे आपण ठरवायचे आहे. पूर्वजांच्या नावे गुंठाभरही जागा नव्हती, अशी किती तरी घरे आपल्यात आहेत. आज अंगण आहे. ते सगळे फरशीखाली झाकून टाकण्यापूर्वी क्षणभर थांबावे.

आपल्या वसतिगृहातून शिकून गेलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने येत्या जूनमध्ये दारी एक तिरफळ लावावे. सुट्टीत घरी आलेल्या मुलांना त्याच्या पानावरची अळी दाखवावी. पाठ्यपुस्तकातील मैत्री आणि करुणा हे शब्द मग त्यांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाहीत.