पिस्तूल : जुने बरे की नवे?

कडेगाव परिसरात पहाटे बाहेर पडले की रस्त्याच्या कडेने पोलीस भरतीसाठी धावणारी मुले हमखास भेटतात. अशाच एका मुलाने, आम्ही अकरावीच्या वर्गात संवेग अक्षय्यतेचा नियम शिकवत असताना, मध्येच विचारले, "सर, पोलिसांचं जुनं पिस्तूल चांगलं, की कमांडोंचं नवं?" वर्ग हसला. आम्हाला मात्र प्रश्न आवडला. बंदुकीच्या प्रत्यागामी वेगाचे उदाहरण आपण दरवर्षी फळ्यावर सोडवतो, पण त्या धक्क्याचे पुढे काय होते, हे पाठ्यपुस्तक सांगत नाही.

अर्धस्वयंचलित पिस्तूल त्या धक्क्यावरच चालते. चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते, पण रिकामी पुंगळी बाहेर फेकणे आणि पुढचे काडतूस नळीत सारणे ही कामे मागे येणारा भाग आपोआप उरकतो. पिस्तुलाच्या वरच्या बाजूला सरकणाऱ्या या पोलादी भागाला स्लाइड म्हणतात. गोळी सुटते तेव्हा नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकलेल्या असतात व दोन्ही मिळून किंचित मागे येतात. तेवढ्यात गोळी नळीबाहेर पडते आणि आतील वायूचा दाब उतरतो. मग नळीचे मागचे टोक खाली झुकते, अडकण सुटते आणि स्लाइड एकटीच मागे जाते. तिने दाबलेली स्प्रिंग तिला पुन्हा पुढे ढकलते व जाता जाता ती मॅगझीनमधले वरचे काडतूस उचलते.

ही युक्ती अमेरिकन संशोधक जॉन मोझेस ब्राउनिंग याची. ब्राउनिंग हे नाव आपल्याकडे नवे नाही. १९०९ साली सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याकरवी वीस ब्राउनिंग पिस्तुले पाठवली होती, आणि त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशिकला जॅक्सनवर झाडलेल्या गोळ्यांशी हे नाव कायमचे जोडले गेले. आपण बोलणार आहोत ते पिस्तूल मात्र त्यानंतरचे. ब्राउनिंग १९२६ साली बेल्जियममध्ये वारला. त्याचे अपुरे काम द्युदोने सेव्ह याने पुरे केले आणि १९३५ साली 'हाय पॉवर' हे तेरा काडतुसांचे ९ मिलिमीटरचे पिस्तूल तयार झाले. ईशापूरच्या रायफल फॅक्टरीतले '९ मिमी १ए' हे त्याचेच भारतीय भावंड, म्हणजे त्या मुलाचे 'जुने'. आणि 'नवे' म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाकडे असणारे ग्लॉक १७. गॅस्टन ग्लॉक या ऑस्ट्रियन कारखानदाराचे हे पिस्तूल ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८२ साली निवडले. त्याची मूठ व सांगाडा पोलादाऐवजी पॉलिमरचा आहे आणि मॅगझीनमध्ये सतरा काडतुसे बसतात. गंमत अशी की नळी झुकवून अडकण सोडवण्याची युक्ती याही पिस्तुलात ब्राउनिंगचीच आहे!

आता आकडेमोड करू. ८ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३५० मीटर वेगाने निघाली, तर तिचा संवेग २.८ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद होतो. तेवढाच संवेग उलट दिशेने पिस्तुलाला मिळतो. (दारूच्या वायूचा वाटा आपण सोडून देत आहोत.) जुने पिस्तूल रिकाम्या मॅगझीनसह सुमारे ९०० ग्रॅम भरते, नवे सुमारे ७०० ग्रॅम. म्हणजे पहिल्याचा प्रत्यागामी वेग ३.१ मीटर, दुसऱ्याचा ४ मीटर प्रति सेकंद. मागे येणारी गतिज ऊर्जा अनुक्रमे ४.४ व ५.६ ज्यूल. काडतुसे भरली की हा फरक थोडा कमी होतो, कारण नव्यात चार काडतुसे जास्त बसतात.

वर्गात हे दाखवायला पिस्तूल लागत नाही. खेळण्यातल्या गाडीवर दोन खिळे ठोकून त्यांना रबरबँड अडकवा, तो मागे ताणून दोऱ्याने बांधा व पुढ्यात एक लाकडी ठोकळा ठेवा. दोरा काडीने जाळला की ठोकळा एकीकडे उडतो आणि गाडी दुसरीकडे पळते. गाडीवर वजन ठेवून प्रयोग पुन्हा करा. ती आता कमी पळेल.

मग हलके पिस्तूल हातात जास्त उसळते का? हिशोबाने उसळायला हवे, पण इथे आघूर्ण आडवे येते. कडेगावच्या मोहरमचे उंच ताबूत ज्यांनी खांद्यावर वाहिले आहेत, त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. वारा बुडाशी लागला तर काही वाटत नाही, तोच शेंड्याला लागला की खांदेकऱ्यांची तारांबळ उडते. पिस्तुलाची नळी मुठीच्या जितकी वर, तितका धक्का मनगटाला जास्त फिरवतो. ग्लॉकमध्ये नळी हाताच्या बरीच जवळ आणली आहे. त्यामुळे वजनात गमावलेले ते इथे बरेचसे भरून काढते.

खरा मतभेद आहे तो सुरक्षिततेच्या जागेवर. पिस्तुलाचे ठरावीक अपघात असे होतात : माणूस मॅगझीन काढतो, पिस्तूल रिकामे झाले असे समजतो आणि चाप ओढतो. नळीत मात्र एक काडतूस आधीच जाऊन बसलेले असते. मूळ हाय पॉवरमध्ये मॅगझीन काढले की चाप निकामी होतो. शिवाय अंगठ्याने लावायचा बाहेरचा अडसर असतो. ग्लॉकमध्ये यातले काहीच नाही. उलट सफाईसाठी ते उघडायचे असेल तर आधी चाप ओढावाच लागतो. म्हणजे नळी डोळ्यांनी पाहण्याची सवय नसेल तर ते अक्षम्य आहे. पण दुसरी बाजूही आहे. हातातून पडले तर ग्लॉकची फायरिंग पिन आतल्या आत अडवली जाते, चाप ओढल्याशिवाय मोकळी होत नाही. हाय पॉवरच्या मूळ रचनेत असा स्वतंत्र अडथळा नव्हता, तो नंतरच्या आवृत्त्यांत आला. आणि बाहेरचा अडसर ऐन घाईत काढायचा राहिला, तर पोलिसाचाच जीव जायचा.

२०२२ साली बेल्जियमच्या एफएन कारखान्याने हाय पॉवरचीच नवी आवृत्ती आणली. पोलादी सांगाडा ठेवला, काडतुसे सतरा केली, कळी दोन्ही हातांच्या माणसांना सोयीच्या केल्या आणि मॅगझीनशी जोडलेली ती जुनी सुरक्षा काढून टाकली. तिच्यामुळे चाप खरखरीत होतो, अशी नेमबाजांची जुनी तक्रार होती. आम्हाला हा बदल तितकासा पटत नाही. चाप गुळगुळीत करण्यासाठी एक अडथळा कमी केला, आणि त्याची जागा फक्त सरावाने भरून निघते.

आम्ही त्या मुलाला सांगितले, नियमित गोळीबाराचा सराव मिळणार असेल तर नवे. पिस्तूल बहुतेक काळ कमरेलाच राहणार असेल तर जुन्याचा मॅगझीनवाला अडथळा मोलाचा, पण त्याला नंतरच्या आवृत्तीतली फायरिंग पिनची सुरक्षा हवी. अर्थात निवड तो करणार नाही, खाते करील. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली ९ मिलिमीटरचे पिस्तूल सामान्य नागरिकाला मिळतच नाही.

स्वतः निवडायचे असेल तर वाट कोल्हापूरच्या राही सरनोबतची. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत तिने २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. ते पिस्तूलही अर्धस्वयंचलितच, पण .२२ चे. त्याचे काडतूस इतके सौम्य असते की नळी व स्लाइड अडकवण्याची गरजच नसते, मागच्या भागाचे जडत्व पुरते. वजन १४०० ग्रॅमच्या आत आणि चापाचा ताण किमान १००० ग्रॅम, हे नियमानेच ठरलेले. मूठ मात्र ज्याने त्याने आपल्या पंजाच्या मापाने कोरून घ्यायची.